व्यसनमुक्तीचा समग्र विचार आणि आपली शाळा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त कोरमंगला येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सव हा कृतज्ञतेचा सोहळा असतो. गेले दोन दिवस या व्यासपीठावरून आपण शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचे गौरवपर उल्लेख ऐकले. कानडी मुलखात, कोरमंगल्यासारख्या झपाट्याने बदलत गेलेल्या वस्तीत, मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे टिकते, याचे श्रेय आपल्या सर्वांचे आहे. शेते आणि तळी असलेल्या या भागात आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तरी सकाळच्या प्रार्थनेचा आपला सूर तोच राहिला. हे सारे अभिमानास्पद आहे.

परंतु साठ वर्षांचा हिशेब मांडायचा तर जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. ज्यांचे सत्कार झाले त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. ज्यांना आपण मध्येच वाटेवर सोडले, त्यांची नावे मात्र केवळ जनरल रजिस्टरमध्ये आहेत. आज मी त्यांपैकी एका मुलाविषयी बोलणार आहे आणि त्याच्या निमित्ताने व्यसनमुक्तीच्या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार आपल्यापुढे ठेवणार आहे. उत्सवाच्या दिवशी हा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. त्यांची मी आधीच क्षमा मागते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतील एका मुलाच्या दप्तरात वर्गशिक्षिकेला एक रुमाल सापडला. रुमालाला सायकलचे पंक्चर काढताना वापरतात त्या सोल्यूशनचा उग्र वास येत होता. मुलगा काही महिन्यांपासून मधल्या सुट्टीत तो वास घेत होता. मी त्याच्या वडिलांना बोलावले. ते कामावरून तसेच आले होते. हातात हेल्मेट होते आणि ते कुठे ठेवावे हे त्यांना सुचत नव्हते. मी त्यांना सांगितले की, इतर मुलांचा विचार करता आम्हाला याला ठेवता येणार नाही. दाखला घेऊन जा. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘बाई, मग आता याला कुठे नेऊ?’’ मी म्हणाले, ‘‘ते तुम्हीच बघायला हवे.’’

दाखला तयार झाला. ‘वर्तणूक’ या रकान्यात मी ‘चांगली’ असे लिहिले. त्याचे पुढे नुकसान होऊ नये हा त्यामागचा हेतू होता. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात लिहिले, ‘पालकांच्या विनंतीवरून’. खाली माझी सही. पालकांनी तशी कोणतीही विनंती केली नव्हती. त्यांची जी एकच विनंती होती, ती त्यांनी प्रश्नाच्या रूपात केली होती आणि तिचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

मित्रहो, माझ्या अज्ञानाची परिसीमा पाहा. ज्या खोलीत बसून मी ‘तुम्हीच बघा’ म्हणाले, तिथून अवघ्या चार-पाच किलोमीटरवर, होसूर रस्त्यावर निम्हान्स ही देशातील अग्रगण्य मानसिक आरोग्य संस्था आहे. तेथे व्यसनोपचाराचे स्वतंत्र केंद्र आहे. एम. ए., बी. एड. झालेली, पंचवीसएक वर्षे अध्यापन केलेली मी त्या बापाला हा पत्तादेखील सांगू शकले नाही. याचे कारण माहितीचा अभाव एवढेच नव्हते. व्यसन हा आजार आहे आणि आजाऱ्याला पत्ता सांगायचा असतो, हेच माझ्या मनाला तेव्हा पटलेले नव्हते. माझ्या लेखी तो वर्तणुकीचा प्रश्न होता, आणि वर्तणुकीच्या प्रश्नावर शाळेपाशी शिक्षा हे एकच औषध होते.

त्या प्रसंगानंतर मी या विषयाचे वाचन सुरू केले. त्यातून जे हाती आले ते आज सांगते.

व्यसनाकडे पाहण्याची आपली पारंपरिक दृष्टी नीतीची आहे. मोह झाला, पाय घसरला, निश्चय केला तर सुटेल, अशी ती मांडणी. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्या नाटकाकडे आपण दारूच्या दुष्परिणामांचा धडा म्हणून पाहत आलो. पुन्हा वाचताना मला त्यात निराळेच काही दिसले. सुधाकर हा बुद्धिमान वकील. न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळापुरती जाते आणि त्या बोचणीचा विसर पडावा म्हणून तळीराम त्याला पहिला प्याला देतो. म्हणजे आरंभी मौज नाही, वेदना आहे. पुढे तो दारू सोडतोही. मनापासून सोडतो. मग काम मागायला बाहेर पडतो, तेव्हा जुन्या ओळखीची माणसे त्याला झिडकारतात. त्या अवहेलनेतून तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे की निश्चय खरा असूनही अपुरा पडतो, कारण निश्चय केलेल्या माणसाला उभे राहायला जागा लागते. आपण ती जागा दिली नाही, हा भाग मात्र आपण धड्यातून वगळला.

आजचे वैद्यकशास्त्र काय सांगते? आपल्या मेंदूत सुखाची जाणीव आणि त्या सुखाची ओढ यांच्याशी निगडित अशी एक यंत्रणा असते. अन्न, खेळ, आप्तांचा सहवास यांनी ती जागी होते. डोपामाइन हे रसायन त्या कामी महत्त्वाचे. मादक पदार्थ या यंत्रणेला अनैसर्गिक जोराने हलवतात. वारंवार तसे झाले की साध्या सुखांना ती दाद देईनाशी होते. मग तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते, आणि पदार्थ मिळाला नाही तर शरीर बंड करते. विवेकाशी संबंधित मेंदूचा भाग तर विशीच्या पुढेपर्यंत घडत असतो. म्हणून कोवळ्या वयातील व्यसन अधिक घट्ट रुजते. तेव्हा ‘मनात आणले तर सोडशील’ हे वाक्य आपण मुलाला ऐकवतो, त्या वेळी त्याचे ते ‘मनात आणणारे’ इंद्रियच दुखावलेले असते.

परंतु केवळ मेंदूचा आजार म्हणूनही भागत नाही. अमेरिकेतील संशोधिका ली रॉबिन्स यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला होता. तेथे असताना सुमारे पाचांपैकी एक सैनिक हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर मात्र त्यांच्यापैकी फार थोडे, पहिल्या वर्षात शंभरातले सुमारे पाच, पुन्हा व्यसनाधीन झाले. रसायन तेच, शरीर तेच. परंतु युद्धभूमीची भीती आणि एकटेपणा मागे राहिला होता, आणि घर, काम, माणसे पुढे होती. व्यसन जसे शरीरात असते तसे ते माणसाच्या परिस्थितीत, नात्यांत आणि रिकाम्या वेळेतही असते. म्हणून उपचारही या सर्व ठिकाणी पोहोचावा लागतो. ‘समग्र उपचार’ या शब्दांचा मला समजलेला अर्थ हा असा आहे.

मराठी माणसाला या विचाराचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्याच्या तरुणांत ब्राऊन शुगर, म्हणजे ‘गर्द’, शिरली. डॉ. अनिल अवचट यांनी त्या मुलांमध्ये आणि त्यांच्या घरांमध्ये फिरून लेखन केले. त्याचेच पुढे ‘गर्द’ हे पुस्तक झाले. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र’ सुरू झाले. त्याची घडी बसवली ती डॉ. अनिता अवचट यांनी. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आप्तेष्टांच्या सुनंदा. कर्करोगाने ग्रासल्यावरही त्यांनी हे काम सोडले नाही. १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे ती धुरा वाहिली.

मुक्तांगणची उपचारपद्धती पाहिली की समग्रतेचा अर्थ स्पष्ट होतो. तेथील निवासी उपचार ३५ दिवसांचा. आरंभी शरीरातील विष उतरवण्यासाठी वैद्यकीय देखरेख असते. नंतर दिवसाला शिस्त येते: व्यायाम, योगासने, प्राणायाम, स्वतःची कामे स्वतः करणे, समुपदेशन, गटात बसून बोलणे. संगीत आणि कलाही आहेतच. अवचट स्वतः बासरी वाजवीत, कागदाच्या घड्यांतून पक्षी-प्राणी साकारत, लाकूड कोरीत. आणि हाताला व मनाला गुंतवणारे काही असावे, या गोष्टीचे मोल ते जाणून होते. तेथील अनेक कार्यकर्ते स्वतः या आजारातून बरे झालेले आहेत. त्यामुळे नव्याने आलेल्या माणसाला समोर बसलेला माणूस उपदेशक वाटत नाही. तो त्याच रस्त्याने पुढे गेलेला वाटसरू असतो. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या चळवळीचा पायाही हाच: एका मद्यपीने दुसऱ्याशी प्रामाणिकपणे बोलणे.

उपचार ३५ दिवसांनी संपत नाही. बाहेर पडल्यावर पाठपुराव्याच्या सभा असतात. घरच्यांना उपचारात सामील करून घेतले जाते. मला विशेष महत्त्वाचा वाटतो तो ‘सहचरी’ हा पत्नींचा गट. आपल्या साहित्याने आणि संस्कारांनी सिंधूला वंदनीय ठरवले. ती दळण दळते, मार खाते आणि नवऱ्याविरुद्ध शब्द काढीत नाही. ‘सहचरी’मध्ये स्त्रिया एकत्र बसून बोलतात. ‘हे माझ्याच नशिबी का’ या प्रश्नाला तेथे पंधरा जणींची साथ मिळते. नवऱ्याचे खोटे आपण किती वेळा झाकले, त्याच्या कार्यालयात ‘ताप आला आहे’ असा निरोप किती वेळा दिला, हे त्या एकमेकींपुढे कबूल करतात. झाकल्याने आजार वाढतो, हे त्यांना तेथे उमगते. स्त्रियांच्या व्यसनमुक्तीसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभागही मुक्तांगणने सुरू केला. आपल्या घरांत हा विषय उच्चारलाही जात नाही, म्हणून हा उल्लेख मुद्दाम करते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. ‘समग्र’ या शब्दाच्या नावाखाली औषधांना फाटा देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. योगासने आणि ध्यान ही मोलाची साथ आहे. ती वैद्यकीय उपचाराची जागा घेऊ शकत नाहीत. वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने ती घरच्या घरी एकाएकी थांबवली, तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतू शकते. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखी औषधे दीर्घकाळ देणे हा मान्यताप्राप्त उपचार आहे. ‘एक व्यसन सोडून दुसरे लावले’ अशी त्याची हेटाळणी करू नये. दुसरी सूचना अशी की, साखळीने बांधणे, मारहाण करणे, कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित विकारांचाही समावेश आहे आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास त्या कायद्याने मनाई आहे. केंद्र निवडताना तेथे डॉक्टर आहेत का, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न अवश्य विचारा.

आता पुन्हा त्या मुलाकडे येते. गेल्या वर्षी त्याचे वडील कार्यालयात आले. दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. मुलगा आता पंचविशीत आहे आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देऊ इच्छितो, असे ते म्हणाले. म्हणजे त्याची दहावी झालीच नव्हती. माझ्या सहीच्या त्या कागदानंतर तो कुठल्याच शाळेत टिकला नव्हता. सोल्यूशनवरून तो गोळ्यांकडे आणि मग गांजा व दारूकडे वळला. दोनदा त्याच्यावर निवासी उपचार झाले. मी वडिलांना म्हटले, ‘‘मी तुमची अपराधी आहे.’’ ते संकोचून म्हणाले, ‘‘नाही बाई, त्या वेळी आम्हालाही काही कळत नव्हतं.’’ त्यांचा तो मोठेपणा. त्याने माझे ओझे हलके झाले नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगा स्वतः आला. मी त्याला विचारले की पहिल्या उपचारानंतर पुन्हा का घसरलास, आणि दुसऱ्या वेळी काय निराळे घडले. त्याचे उत्तर मी त्याच्या अनुमतीने, नाव न सांगण्याच्या अटीवर सांगते. तो म्हणाला, ‘‘बाई, पहिल्या वेळी बाहेर आलो तेव्हा तब्येत चांगली झाली होती. पण सकाळी दहानंतर दिवसभर काय करायचं, तेच कळत नव्हतं. सगळे कामाला, कॉलेजला. रिकामे होते ते फक्त जुने मित्र.’’ दुसऱ्या वेळी त्याच्या मामांनी छापखान्यात काम मिळवून दिले. दहा ते सहा तिथे. दर गुरुवारी गटाची सभा. रात्री एकवेळ औषध, तेही आईच्या हातून. सायंकाळी मैदानावर फुटबॉल. आता जवळपास अडीच वर्षे तो व्यसनमुक्त आहे. यांपैकी नेमके कशाने जमले, असे मी विचारले तेव्हा तो हसला. ‘‘एक काढलं असतं तर पडलो असतो,’’ म्हणाला.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती बंगळूरच्या मराठी माणसांनी कान देऊन ऐकावी. पहिल्या उपचाराच्या वेळी समुपदेशकांनी आईला बोलावले. ती साताऱ्याकडची. बाजारापुरते कानडी तिला येते. इंग्रजी येत नाही. मुलाच्या बालपणाविषयी, घरातल्या भांडणांविषयी विचारल्यावर ती केवळ मान हलवीत राहिली आणि सारी चर्चा बापलेकांनीच पुरी केली. समुपदेशकांचा यात काही दोष नव्हता. परंतु दुःख सांगायला माणसाला आपलीच भाषा लागते. परक्या मुलखात मायबोलीची शाळा चालवणाऱ्या आपण मंडळींनी हे ओळखायला हवे होते.

पुन्हा घसरण्याविषयीही दोन शब्द सांगते. पालक बहुधा इथेच खचतात. ‘एवढा खर्च केला, शेवटी व्यर्थ गेला’ असे म्हणतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही. पथ्य कुठे मोडले ते पाहतो आणि औषध पुन्हा बसवून घेतो. व्यसनाचा आजारही असाच दीर्घ मुदतीचा आहे. पुन्हा घसरणे हे आजाराचे लक्षण समजावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. मात्र प्रेम करणे आणि पैसे देत राहणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. दार उघडे ठेवावे, कपाटाला कुलूप लावावे.

प्रश्न किती मोठा आहे, याची कल्पना यावी म्हणून केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातील तीनच गोष्टी सांगते. देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५ कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो. आणि तिसरी गोष्ट आपल्याशी थेट संबंधित: सोल्यूशनसारखे हुंगण्याचे पदार्थ हा असा एकच प्रकार आहे की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांमध्ये अधिक आढळले. मदतीची गरज असलेल्या अशा मुलांची संख्या देशात सुमारे ४ लाख ६० हजार आहे. माझ्या शाळेतील तो मुलगा अपवाद नव्हता.

यावर प्रतिबंधाचा उपाय काय? ‘नशेचे दुष्परिणाम’ या विषयावर वर्षातून एकदा निबंधस्पर्धा घेऊन आम्ही शाळा आजवर समाधान मानीत आलो. आइसलँड या छोट्या देशाचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. १९९८ मध्ये तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्याभरात मद्यधुंद झालेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी भीतीची भाषणे कमी केली. खेळ, संगीत, नृत्य यांच्या शिकवण्या प्रत्येक मुलाच्या आवाक्यात आणल्या. त्यासाठी कुटुंबांना आर्थिक साहाय्य दिले. पालकांनी आपसात करार केले, मुलांसोबत अधिक वेळ घालवला आणि रात्री उशिरा मुले बाहेर राहणार नाहीत याची जबाबदारी सर्वांनी मिळून घेतली. तिथली परिस्थिती वेगळी आहे, हे मान्य. परंतु शाळा सुटल्यापासून आईवडील घरी येईपर्यंतचे तीन तास रिकामे असतात, ही गोष्ट कोरमंगल्यातही तितकीच खरी आहे. आणि त्या तीन तासांत आमच्या मैदानाच्या फाटकाला कुलूप असते.

म्हणून संस्थेच्या अनुमतीने या हीरक महोत्सवी वर्षात आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या आपल्यापुढे जाहीर करते, जेणेकरून त्या मोडल्यास आपण आम्हाला जाब विचारू शकाल.

पहिली गोष्ट. यापुढे व्यसनाच्या कारणावरून या शाळेतून कोणत्याही विद्यार्थ्याला दाखला दिला जाणार नाही. पदार्थ शाळेत आणून विकणाऱ्यांविषयी कायदा आपले काम करील. परंतु जो बळी पडला आहे तो आमचाच विद्यार्थी राहील. उपचारासाठी त्याला रजा मिळेल आणि परतल्यावर त्याच वर्गात त्याची जागा असेल.

दुसरी गोष्ट. दोन शिक्षिका आणि एक शिक्षक यांना या विषयाचे प्रशिक्षण देण्यात येईल. मूल किंवा पालक त्यांच्याकडे आले तर ते बोलणे त्या खोलीबाहेर जाणार नाही. कार्यालयाच्या भिंतीवर निम्हान्सचा पत्ता, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय साहाय्यवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ वाहिनी १४४१६ हे क्रमांक लावले आहेत. मोबाइलच्या अतिवापराने त्रस्त असलेल्या मुलांसाठी निम्हान्समध्ये २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय आहे; त्याचीही माहिती तेथे मिळेल. ‘कुठे नेऊ?’ या प्रश्नाला या शाळेत पुन्हा कधीही ‘तुम्हीच बघा’ असे उत्तर मिळणार नाही.

तिसरी गोष्ट. शाळेचे मैदान आणि संगीताची खोली सायंकाळी सात वाजेपर्यंत उघडी राहील. देखरेखीसाठी पालकांनी आळीपाळीने यायचे आहे. आजवर अठरा पालकांनी नावे दिली आहेत; निदान चाळीस हवी आहेत.

माजी विद्यार्थ्यांकडे माझी दोन मागणी आहेत. तुमच्यापैकी अनेकांची दुकाने, कार्यशाळा, कार्यालये आहेत. उपचार घेऊन परतलेल्या एखाद्या तरुणाला सकाळी दहाला जायला एक ठिकाण द्या. सुधाकरावर जी दारे बंद झाली, त्यांतले एक दार तुमचे नसावे. आणि ज्यांना कानडी, इंग्रजी उत्तम येते त्यांनी एखाद्या मराठी आईसोबत रुग्णालयात जाऊन तिचे बोलणे समुपदेशकांपर्यंत पोहोचवावे. तासा-दोन तासांचे काम आहे. परंतु ऐकलेले पोटात ठेवण्याची शपथ घेऊनच ते करायचे आहे.

पालकांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. घरात असे काही लक्षात आले तर लपवू नका. मुलाचे बदललेले मित्र, हरवणारे पैसे, लाल डोळे, कपड्यांना येणारा वास, आवडीच्या गोष्टींतून उडालेले मन, यांतली एखादीच खूण पाहून चौकशीचा ससेमिरा लावू नये. परंतु अनेक खुणा एकत्र दिसल्या तर रागावण्यापूर्वी शेजारी बसावे. ‘लोक काय म्हणतील’ याची चिंता करू नका. त्या लोकांत आम्हीही असतो, आणि आम्ही काय म्हणायचे ते आता ठरवले आहे.

शेवटी त्या दाखल्याविषयी सांगते. दुसरी प्रत देताना जनरल रजिस्टरमधील नोंद जशीच्या तशी उतरवावी लागते, असा नियम आहे. त्यामुळे ‘पालकांच्या विनंतीवरून’ हे खोटे कारण मला पुन्हा एकदा माझ्याच हाताने लिहावे लागले. मी ते लिहिले आणि सही केली. कागद त्या मुलाच्या हाती देताना मी त्याला म्हटले, ‘‘यातले कारण खरे नाही, हे मी एक दिवस सर्वांसमोर सांगेन.’’ तो म्हणाला, ‘‘बाई, त्यापेक्षा मला बीजगणित शिकवा. ते मला तेव्हाही येत नव्हतं.’’

गेल्या जूनपासून आमच्या गणिताच्या बाई त्याला दर शनिवारी दुपारी शिकवतात. आज तो या सभागृहात आहे की नाही, हे मी सांगणार नाही. त्याला दिलेला शब्द मात्र आज मी पुरा केला आहे.